लोभ सगळ्यांनाच असतो, थांबायला सगळ्यांना परवडत नाही

अंबाजोगाईला कॉलेजात शिकणाऱ्या एका पोरानं विचारलंय की वर्गात वाद झाला, एक गट म्हणतो माणूस मुळातच स्वार्थी, जमेल तेवढं ओरबाडायचं हा त्याचा स्वभावच, म्हणून भांडवलशाही हीच खरी नैसर्गिक व्यवस्था आणि बाकी सगळं कागदावरचं. दुसरा गट म्हणतो माणूस चांगलाच असतो, भांडवलशाहीनं त्याला बिघडवलं. तर काका तुम्ही सगळं आयुष्य लातूरच्या आडत बाजारात, शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देण्यात काढलं, तुम्हाला काय दिसलं? काका म्हणालास म्हणून अरेतुरेच करतो. माझ्या मते दोन्ही गटांचं चुकतंय, आणि का चुकतंय ते नीट सांगायचं तर जरा लांबेल, निवांत वाच.

आधी माझं म्हणणं सरळ सांगून टाकतो. बाजारात मी शेतकरी बघितले, खरेदीदार बघितले, हमाल, मापाडी, मुनीम, मिलवाले सगळे बघितले. लोभ सगळ्यांत होता, कमीजास्त पण होताच, आणि लाजही सगळ्यांत होती, शब्दाची चाड होती, दुसऱ्याचं लेकरू आजारी असलं की जीव तुटायचा तोही सगळ्यांचाच. स्वभावाच्या बाबतीत व्यापारी एका जातीचा प्राणी आणि शेतकरी दुसऱ्या जातीचा असं मला कधीच दिसलं नाही. फरक एकच दिसला, थांबायला कुणाला परवडतं आणि कुणाला नाही. भांडवल म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, थांबण्याची ताकद. ज्याच्याकडं ती आहे तो भाव ठरवतो, ज्याच्याकडं नाही तो मिळेल तो भाव घेतो आणि मग लोक म्हणतात ह्याचा स्वभावच तसा.

आता हे जवळून बघ. दसरा-दिवाळीच्या टायमाला आडतीवर सोयाबीन उतरतं. समज एक शेतकरी टेम्पोत बारा-पंधरा कट्टे, म्हणजे पोती, घेऊन पहाटेच आलाय, रात्रभर झोपलेला नाही कारण आभाळ आलंय आणि माल भिजायची भीती. कट्टे सोडले, ढीग लावला. खरेदीदार येतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारून काडीकचरा उडवतो, एक दाणा दाताखाली धरतो, कट्ट असा आवाज आला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. मीटर असतं दुकानात, पण दाताचा निकाल आधी लागतो. "ओल हाय मामा, क्विंटलला दोनशे कमी लागतील." मामाला माहितीय की चार ऊन दिले की ही ओल जाणार आहे. पण मळणीवाल्याचे पैसे द्यायचेत, कापणी गुत्त्यानं, म्हणजे ठोक रक्कम ठरवून, दिलेली त्या बायका दारात येऊन बसल्यात, खताच्या दुकानाची उधारी आहे, हरभऱ्याचं बी आणायचंय आणि लेकीला दिवाळीला आणायचंय. चार ऊन त्याच्याकडं नाहीत. "द्या म्हणावं, काय करायचं आता." सौदा झाला, काट्यावर गेला, हिशोबाची पट्टी फाडली, त्यातून आधी आगाऊ घेतलेली उचल वळती झाली आणि मामा उरलेले पैसे बंडीच्या आतल्या खिशात घालून निघाला.

हे बघून शहरातून आलेला माणूस म्हणतो शेतकऱ्याला धंदा कळत नाही, त्याच्या स्वभावातच नाही ते. आणि तोच माल गोडाऊनमध्ये चार महिने ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला म्हणतो हा लोभी. अरे बाबा, दोघांची अक्कल सारखीच आहे, दोघांचा लोभही सारखाच आहे. एकाच्या मागं बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तेव्हा उचलायचं कर्ज, आहे आणि एकाच्या मागं उधारीवाला.

ह्याला पुरावा काय म्हणशील तर २०२१ साल आठव. २०२० च्या दिवाळीला ज्यांनी क्विंटलला चार हजाराच्या आसपास सोयाबीन दिलं त्यांनी पुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तोच भाव चढत चढत जुलै-ऑगस्टात दहा हजारांच्या घरात गेलेला डोळ्यांनी बघितला. मग ऑगस्टातच केंद्रानं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनच्या, पेंडीच्या आयातीला परवानगी दिली, नवा माल बाजारात यायला आणि भाव पाच हजारांच्या आसपास यायला एकच गाठ पडली. आणि त्या वर्षी काय झालं? शेतकऱ्यानं माल आणलाच नाही! ज्याला ज्याला शक्य होतं, म्हणजे पोराची नोकरी आहे, दूध आहे, हातात थोडा पैसा आहे, त्यानं घरातच थप्पी लावली. आमच्या आडतीवर ऐन हंगामात दुपारी सामसूम असायची, मिलवाले फोन करून विचारायचे माल कुठंय. मग भाव हळूहळू उठला आणि २०२२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत सात हजारांच्या वर गेला. आता सांग, एका वर्षात शेतकऱ्याचा स्वभाव बदलला होय? ज्याला धंदा कळत नाही म्हणत होते तोच माणूस पक्क्या साठेबाजासारखा वागायला लागला, आणि त्यात काही गैर नव्हतं, त्याला पहिल्यांदा थांबायला जमलं एवढंच.

पण हेही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. पुढच्या दोन हंगामांत लोकांनी ह्याच आशेनं माल धरून ठेवला आणि भाव खाली खालीच गेला. २०२४ च्या दिवाळीला हमीभाव ४८९२ असताना बाजारात चार हजार-सव्वाचार हजारानं सौदे होत होते. घरात दोन दोन वर्षांचं सोयाबीन, उंदरं खायलेत, वजन घटायलंय. म्हणजे नुसतं थांबून भागत नाही. ब्राझील-अर्जेंटिनात पीक किती आलं, खाद्यतेलावर आयात शुल्क किती लावलं, पेंडीला बाहेर गिऱ्हाईक आहे का, ह्याच्यावर भाव हलतो आणि त्यातलं काहीच औसा-रेणापूरच्या शेतकऱ्याच्या हातात नाही. मोठा व्यापारी चुकला तरी पुढच्या मालात भरून काढतो, दोन एकरवाला एकदा चुकला की पोरीचं लग्न पुढं ढकलतो.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. पहिल्या गटाची सगळ्यात मोठी चूक अशी की ते बाजार आणि भांडवलशाही एकच समजतात. देवाणघेवाण माणूस पहिल्यापासून करतोय, त्यात वाद नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर घे, जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ह्या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून गाड्या भरून कापड भडोचला जायचं, पुढं जहाजानं. दोन हजार वर्षांपूर्वी! तेरच्या म्युझियममध्ये रोमन व्यापाराच्या खुणा ठेवलेल्या आहेत, एकदा जाऊन ये, अंबाजोगाईहून लांब नाही. तर व्यापार होता, नफा होता, व्यापारी होते, पण त्याला कुणी भांडवलशाही म्हणत नाही. कारण तेव्हाचा कुणबी आधी घरचं खाण्यापुरतं पिकवायचा आणि उरलं तर विकायचा. बाजार नाही भरला तर त्याची चूल विझत नव्हती.

भांडवलशाही तिथं सुरू होते जिथं जगण्यासाठी विकणं भाग पडतं. जमीन विकायला, घाम विकायला, पैसासुद्धा भाड्यानं. आणि एकाचं न थांबता येणं हेच दुसऱ्याच्या नफ्याचं मूळ होतं. हे आपोआप उगवत नाही, ते मांडावं लागतं, कायदे करावे लागतात, मोजणी लागते, कोर्ट लागतं, रेल्वे लागते. आमच्या लातूरचंच बघ, गंजगोलाई काय जमिनीतून उगवली? १९१७ साली नकाशा काढून बांधली, मधी गोल इमारत आणि चारी बाजूंनी फुटलेले सोळा रस्ते, आणि त्याच्या काही वर्षं आधी, १९११ ला, बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली होती. निजामाच्या राज्यातलं गाव बाजारपेठ झालं ते सरकारनं आणि रुळांनी केलं, माणसाच्या रक्तात काही नवीन आलं म्हणून नाही. जे निसर्गानं होतं त्याला एवढा खटाटोप करावा लागत नाही.

न थांबता येणं म्हणजे काय हे पूर्ण उघडंनागडं बघायचं असेल तर बीडकडं चल. केज, धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम, म्हणजे साखर कारखान्याला ऊसतोड मजूर पुरवणारा, उचल देतो. ती उचल म्हणजे पुढच्या पाच-सहा महिन्यांचं अंग आधीच विकलेलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोबात ते एकच नग. दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर येतो, भांडी-कुंडी, लेकरं, शेळी सगळं वर चढतं आणि गाव ओस, म्हातारी माणसं तेवढी मागं. फडात पहाटे चारला उठून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली तरी भरायच्या. एक दिवस गेलं नाही की खाडा, खाड्याचा दंड उचलीत चढतो. आता अशा ठिकाणी बाईला पाळी आली, अंग दुखायलंय, तर तिनं करायचं काय? संडास नाही, पाणी नाही, सुट्टी म्हणजे दंड. २०१९ ला सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांच्या वर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांच्या वर बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या.

हे वाचून कुणी म्हणेल मुकादम राक्षस, डॉक्टर राक्षस. काही असतीलही. पण मी कितीतरी मुकादम ओळखतो, तो स्वतः काल-परवापर्यंत कोयत्यावर होता, कारखान्याकडून त्यानं घेतलेली रक्कम त्याच्या नावावर आहे, एखादी जोडी उचल घेऊन पळाली तर त्याची जमीन जाते. कारखान्याला गाळप थांबवून चालत नाही कारण तोडलेला ऊस वाळला की साखरेचा उतारा जातो. प्रत्येकाच्या मागं दुसरा कुणीतरी उभा आहे आणि सगळ्यात शेवटी ती बाई उभी आहे जिच्या मागं भिंत आहे. तिच्या शरीरावर येऊन सगळ्यांची घाई थांबते. ह्याला माणसाचा स्वभाव म्हणायचं? माझं मन मानत नाही. ही रचना आहे, आणि ह्या रचनेत चांगला माणूस घातला तरी दुसऱ्या हंगामाला तो खाड्याचा दंड लावायला लागतो, नाहीतर तो तिथं टिकत नाही.

आता दुसऱ्या गटाला सांगतो, तुम्हीही एवढे खूश होऊ नका. भांडवलशाहीच्या आधी माणूस फार गोड होता असं काही नाही. बलुतेदारीचं आजकाल लई कौतुक चालतं, गाव कसं स्वयंपूर्ण, पैशाशिवाय चालायचं वगैरे. ज्याला वर्षभर राबून सुगीत खळ्यावर पदर पसरून बलुतं मागावं लागायचं त्याला विचारा. काम जन्मानं ठरलेलं, नाही म्हणायची सोय नाही, गाव सोडायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९३६ लाच लिहून ठेवलंय की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. आणि सावकाराकडनं सवाई-दिढीनं आणलेलं धान्य, म्हणजे पोतं नेलं की सव्वा किंवा दीड पोतं परत, ते काही भांडवलशाहीनं शिकवलेलं नव्हतं. उलट रोख मजुरी आली, एसटी आली, औरंगाबादला वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत कामं निघाली तेव्हा कितीतरी घरांतली माणसं पहिल्यांदा ताठ उभी राहिली. हजेरी लावली की पगार, जात विचारायची नाही, निदान पगाराच्या खिडकीवर तरी नाही. ही भांडवलशाहीची देणगी आहे आणि ती मान्य न करणं म्हणजे त्या माणसांचा अपमान आहे.

आणखी एक गोष्ट मला बाजारातल्या माणसाला फार पटली. संशोधकांनी एक खेळ वेगवेगळ्या लोकांत खेळून बघितला, २००१ ला त्याचे निकाल छापून आले, पंधरा छोटे छोटे समाज, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी असे. खेळ सोपा आहे. दोन माणसं, एकाला पैसे द्यायचे, त्यानं त्यातला किती वाटा दुसऱ्याला द्यायचा ते सांगायचं, दुसऱ्यानं घेतला तर दोघांना आपापला मिळतो, नाही घेतला तर दोघांनाही काही नाही. माणूस नुसता स्वार्थी असता तर पहिला नावापुरता एखादा पैसा पुढं करणार आणि दुसरा काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणून ते घेणार. असं एकाही समाजात झालं नाही! पेरूच्या जंगलातले माचिग्वेंगा लोक, जे आपापल्या कुटुंबापुरतंच बघतात, त्यांनी साधारण पाव हिस्सा देऊ केला. इंडोनेशियातले लामालेरा, जे सगळे मिळून होड्यांत देवमासा मारायला जातात, त्यांनी निम्म्याच्याही वर. आणि एकूण बघितलं तर ज्यांचा बाजाराशी संबंध जास्त, आणि ज्यांचं काम एकमेकांशिवाय होत नाही, ते जास्त बरोबरीनं वाटत होते.

म्हणजे बाजारानं माणूस आपोआप नीच होतो हेही खोटं. अनोळखी माणसाशी रोज व्यवहार करायचा तर त्याला निदान आपण बनवायचं नाही हे शिकावंच लागतं. आमच्या आडतीवर कितीतरी शेतकरी माल टाकून पट्टीवर सही न करता गावाकडं निघून जायचे, पैसे पुढच्या खेपेला. लाखांचे सौदे तोंडी. कागद नंतर. हा विश्वास बाजारानं पैदा केला नाही, तो गावातनं, नात्यातनं, आषाढीच्या वारीत सोबत चालण्यातनं, एकमेकांच्या मयतीला जाण्यातनं आला, बाजार त्याच्यावर चालतो. आणि तो एकदा संपला की काय होतं तेही बघितलंय. एका हंगामात एक खरेदीदार शेतकऱ्यांचे पैसे बुडवून रात्रीतून निघून गेला. पुढचे कितीतरी महिने शेतकरी रोख असेल तरच कट्टा सोडू म्हणायचे, प्रामाणिक माणसाकडंसुद्धा संशयानं बघायचे. सगळ्यांचाच धंदा बसला. भांडवलशाही माणसातल्या लोभावर चालते असं म्हणतात, मला तर ती रोज माणसातल्या भल्या स्वभावावर चालताना दिसते, फक्त हिशोबाच्या वहीत त्याला रकाना नाही.

अर्थशास्त्रवाल्या ॲडम स्मिथचं नाव तुझ्या वर्गात निघालंच असेल, कसाई आणि बेकरीवाला आपल्यावर उपकार म्हणून नाही तर स्वतःच्या फायद्यासाठी जेवण पुरवतात हे त्याचं १७७६ चं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच माणसानं १७५९ ला आधीचं पुस्तक लिहिलं ते सुरूच असं होतं की माणूस कितीही स्वार्थी धरला तरी त्याच्या स्वभावात दुसऱ्याच्या सुखदुःखाची ओढ असतेच. वर्गातल्या मित्रांना हे दुसरं वाक्यपण सांग.

मग स्वार्थाचं काहीच नाही का, तर आहे, भरपूर आहे, आणि जो नाकारतो त्याची व्यवस्था बुडते. रोजानं लावलेली माणसं आणि गुत्त्यानं लावलेली माणसं ह्यात केवढा फरक पडतो हे कुठल्याही शेतकऱ्याला विचार. रोजानं दोन दिवसांचं काम गुत्त्यानं एका दिवसात उरकतं. चीनमध्ये आन्हुई प्रांतात शियाओगांग म्हणून गाव आहे, १९७८ ला तिथल्या १८ शेतकऱ्यांनी सामूहिक शेतीची जमीन गुपचूप आपापसात वाटून घेतली, कागदावर अंगठे मारले, कुणाला धरून नेलं तर त्याची लेकरं बाकीच्यांनी सांभाळायची असंही त्यात ठरलं. पुढच्या वर्षी पीक कितीतरी वाढलं आणि शेवटी सरकारलाच तो रस्ता धरावा लागला. ह्यात पहिला गट म्हणेल बघा, स्वार्थ जिंकला. पण तो कागद परत वाच. जमीन आपापली, पण धरलेल्याची लेकरं सगळ्यांची. स्वार्थ आणि सावड, म्हणजे एकमेकांना हात देणं, एकाच कागदावर आहे. आपल्याकडं पण ज्यांच्याकडं एकएकच बैल आहे ते दोघं वारंगुळा करून नांगर चालवायचे, आज तुझं रान उद्या माझं. हिशोब अगदी पक्का असायचा, कोण किती दिवस आला, पण ज्याच्या घरात मयत झाली त्याची पेरणी बाकीचे न बोलावता करून द्यायचे आणि तो दिवस हिशोबात धरायचे नाहीत. माणूस असाच आहे, दोन्ही एकदम.

म्हणून स्वभाव काय आहे ह्यापेक्षा कुठल्या परिस्थितीत त्यातलं काय वर येतं हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. २०१६ चा उन्हाळा लातूरकर कसा विसरेल. मांजरा धरण कोरडं, नळाला महिन्यातून एखाद्या वेळेस पाणी, मार्चात टाक्यांभोवती गर्दी करायची नाही म्हणून १४४ कलम लावलं आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आमच्याच गल्लीत एकानं बोअरचं पाणी टँकरवाल्याला विकलं, भाव वाढत गेला तसा तोही वाढवत गेला. आणि त्याच्याच दोन घरं सोडून एका बाईनं बोअरला पाईप लावून रस्त्यावर तोटी काढून दिली, सकाळी दोन तास, घरटी चार घागरी, नंबरानं. पाणी कमी झालं तेव्हा तीन घागरी केल्या आणि तिनं स्वतःच्या घरालाही तीनच ठेवल्या. भांडणं झाली नाहीत असं नाही, पण तिची तोटी शेवटपर्यंत चालली. गंमत म्हणजे ज्यानं पाणी विकलं तोसुद्धा शेजारच्या बाळंतिणीच्या घरी रोज फुकट घागर पोचवायचा. आता ह्या गल्लीवरून मानवी स्वभावाबद्दल तू काय सिद्ध करणार? मला एवढंच दिसलं की तोटीला नियम होता, नंबर होता, सगळ्यांसमोर होतं. टँकरला फक्त भाव होता.

आणि नियम बदलले की माणसं बदलतात हे मी हमालांच्या बाबतीत समोर बघितलंय. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन पळणारे हमाल माझ्या सुरुवातीच्या काळात होते, चाळिशीत पाठ जायची आणि मग कुणी ओळखत नव्हतं. १९६९ चा माथाडी कायदा, हमालांच्या संघटना, मग हळूहळू हमालीचे दर ठरले, कट्टा पन्नास-साठ किलोवर आला. व्यापाऱ्यांचं मन पालटलं म्हणून झालं नाही हे. पण झाल्यावर त्याच व्यापाऱ्यांना ते बरोबर वाटायला लागलं, आज कुणी म्हणणार नाही की परत शंभर किलोचं आणा. रोजगार हमीचंही तसंच. १९७२ च्या दुष्काळात कामं निघाली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी ती कल्पना लावून धरली, १९७७ ला कायदा झाला. तेव्हा मोठे बागायतदार तक्रार करायचे की मजूर माजले, बोलावलं तर येत नाहीत. माजले नव्हते रे. त्यांना पहिल्यांदा नाही म्हणता आलं, दोन दिवस थांबता आलं, कारण सरकारी कामावर चूल पेटणार होती. मजुरी तिथंच वाढली.

तर तुझ्या वादाचं माझ्यापुरतं उत्तर असं की भांडवलशाही माणसाच्या स्वभावातून उगवलेली नाही आणि ती मोडली की स्वभाव सुधारेल असंही नाही. थांबण्याची ताकद मोजक्यांच्या हातात साठवणारे नियम असतात आणि ती पसरवणारे नियम असतात, मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि आडत्या असून आहे, त्यात माझा धंदा मरत नाही.

आता शेवटचं तुझ्या घरासाठी, कारण तू लिहिलंयस की घरची चार एकर आहे आणि बाप दरवर्षी काढणी झाली की लगेच विकतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोडाऊनमध्ये माल ठेवायचा, सोयाबीन, तूर, हरभरा असल्या मालाच्या किमतीच्या पाऊणपट रक्कम उचल मिळते, वर्षाला सहा टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. व्यापाऱ्याचा माल त्यात घेत नाहीत, शेतकऱ्याचाच. सावकाराच्या महिन्याला तीन-चार रुपये शेकड्यापुढं हे काहीच नाही, तरी लोक येत नाहीत, कारण चार कट्ट्यांसाठी टेम्पोचं भाडं परवडत नाही, गोडाऊन लांब असतं, आणि बहुतेकांनी आडतीवरनं आधीच उचल घेतलेली असते म्हणून माल तिकडंच न्यावा लागतो. ह्याला उपाय हा की वाडीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एकच गाडी करायची. सातबारा त्या वर्षीच्या पीकपेऱ्यासह, आधार आणि पासबुक बरोबर ठेवा, माल चाळून आणि चांगला वाळवून न्या, आणि जाण्याआधी समितीत विचारून घ्या की ह्या वर्षी तारणाला पैसे आलेत का, कारण काही समित्यांत हंगामाच्या मध्यातच ते संपतात. सगळा माल ठेवू नका, अर्धा विकून देणी भागवा आणि अर्धा ठेवा, २०२३ सारखं वर्ष निघालं तर बाप तुला बोल लावेल.